यंत्र निर्दोष आहे

१

ज्या यंत्रानं आमच्या ताईंचा जीव घेतला, त्यात काहीच बिघाड नव्हता.

पोलिसांनी यंत्र तपासायला नेमलेल्या परीक्षकांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी बाळाला भरवत होते. एका हातात चमचा, फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात. कॉफीचं ते यंत्र कार्यशाळेत आणून त्यांनी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं होतं. टाकी भरते, भरली की थांबते, बटण दाबल्याशिवाय थेंब येत नाही. ऐकून मला हायसं वाटलं. यंत्र चांगलं, म्हणजे ते दुरुस्त करणारा माझा नवराही चांगला, इतकं सोपं गणित मी मांडलं होतं.

“तसं नाही हो,” परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाचीच मला भीती वाटली. “उकळतं पाणी आपोआप आलं, बाई त्यानंच भाजल्या, हे खरंच आहे. आता ते येत नाही. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी बिघाड काढून टाकला. आणि पोलीस यायच्या आधी यंत्र उघडणारे एकटे तुमचे मिस्टर होते.”

बाळानं चमच्यासाठी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. इस्पितळाच्या कँटीनमधला कॉफीचा काउंटर त्या सांभाळायच्या. यंत्र कपाटाएवढं, वर उकळत्या पाण्याची टाकी, टाकीच्या तोंडाशी झारीसारखी जाळी, तिच्याखाली कॉफीच्या भुकटीची टोपली. त्या दिवशी टोपली काढून त्या खालून जाळी पुसत होत्या, मान वर करून. पाणी आलं ते गळ्यावर आणि छातीवर. त्याच इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर काही दिवस काढले, मग गेल्या.

परीक्षकांचा अहवाल आठवडाभरात पोलिसांकडे जाणार होता. त्यानंतर हलगर्जीपणानं मृत्यू आणि वर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा. तुरुंगाची भीती मला होतीच. पण त्याहून मोठी भीती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. कारण माझ्या नवऱ्याला स्वतःलाच वाटत होतं, की ताईला त्यानंच मारलं.

२

मी त्याला परीक्षकांचं बोलणं सांगितलं. तो नुसता “बरं” म्हणाला. बाळ रांगत जाऊन त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, तर त्यानं गुडघा हळूच बाजूला घेतला. ताई गेल्यापासून त्यानं बाळाला उचललं नव्हतं. हात नीट नाहीत म्हणायचा.

सासूबाई स्वयंपाकघरात बसून होत्या. मुलगी गेली आणि मुलानं घालवली, असं दुहेरी दुःख त्यांच्या वाट्याला. मुलाशी त्या बोलत नव्हत्या, ताट मात्र वाढत होत्या. ते तसंच परत जायचं.

“तू नेमकं काय केलंस ते मला पहिल्यापासून सांग,” मी म्हटलं. “बायको म्हणून विचारत नाहीये.”

आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या एकाच वर्गात होतो. तो यंत्रांकडे गेला, मी बाळाकडे. त्यामुळे त्याला फोड करून सांगावं लागलं नाही, पण मी इथे करते. टाकीत वरून एक स्टीलची सळई सोडलेली असते. नियंत्रकाचं सर्किट तिच्यात अगदी क्षीण वीज सोडतं. पाणी चढून सळईला टेकलं की वीज पाण्यातून टाकीच्या अंगात उतरते, सर्किटला कळतं की टाकी भरली, आणि ते पाण्याची झडप बंद करतं. पाणी टेकलंच नाही तर सर्किट आपलं भरतच राहतं. टाकी गच्च झाली की वरचं उकळतं पाणी जाळीतून बाहेर पडतं.

अपघाताच्या थोडं आधी ताईंनी त्याला बोलावलं होतं. मधूनच आपोआप पाणी ठिबकतं, म्हणाल्या. त्यानं जाऊन झाकण उघडलं. सळईवर नेहमी पांढरा थर असायचा, खरवडून खरवडून त्याची नखं जायची. या वेळी सळई लखलखीत. तो ताईंना म्हणाला, जन्मात पहिल्यांदा घासलंस वाटतं. ताई हसल्या, बोलल्या काही नाहीत. मग सगळे कारागीर करतात तेच त्यानं केलं. स्क्रूड्रायव्हर एका टोकानं सळईला, दुसऱ्यानं टाकीच्या अंगाला टेकवला. वीज गेली, टाकी भरल्याचा दिवा लागला, झडप बंद झाली. म्हणजे सर्किट ठीक. तरी झडप चालू-बंद करणारा रिले अडकत असेल म्हणून तो नवा घातला आणि घरी आला.

“आणि अपघात झाला तेव्हा?”

“धावत गेलो. प्लग उपटला, झाकण उघडलं, बघत बसलो.” त्यानं हातांकडे पाहिलं. “मी काहीच बदललं नाही. पण मला कोण विचारतंय? रिले मीच घातला होता ना.”

“तो रिले परीक्षकांनी तपासलाय. चांगला आहे.”

“मग माझ्या हाताला काहीतरी चुकलं असेल.”

तो खोटं बोलत नव्हता. मग बोलत कोण होतं?

३

बाळाला कडेवर घेऊन मी कँटीनमध्ये गेले. ज्या जागी यंत्र होतं तिथे फरशीवर चौकोनी फिकट डाग उरला होता आणि त्यावर कुणीतरी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती.

कँटीनचा ठेकेदार दारातच भेटला. त्यानं आधी बाळाच्या गालाला हात लावला, मग माझ्या नवऱ्याच्या अब्रूला. घरचा कारागीर लावला की असंच होतं, म्हणाला. ताईंचा हट्ट, भाऊच पाहिजे. मी विचारलं, शेवटच्या दिवसांत यंत्राबद्दल काही तक्रार? यंत्राबद्दल नाही, म्हणाला. कॉफीबद्दल होती. डॉक्टर मंडळी कुरकुरत होती की कॉफी पांचट लागते, ताईंनी भुकटी कमी केली काय. त्यानं स्वतः मापून पाहिली, भुकटी तेवढीच होती.

हे ऐकून मी पुढे निघाले होते. मग थांबले. भुकटी तीच, यंत्र तेच, आणि चव वेगळी.

भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या मोरीवर होत्या. ताईंचं नाव काढताच त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण हातातलं काम सोडलं नाही. मी विचारलं, सळई त्यांनी घासली होती का. मावशी म्हणाल्या की त्या यंत्राच्या पोटात कशाला हात घालतील. उलट हल्ली घासायचं कामच हलकं झालं होतं. पूर्वी यंत्राखालच्या काचेच्या भांड्यांना पाण्याची पांढरी रेघ बसायची, व्हिनेगर ओतून भिजत घालावी लागायची. हल्ली व्हिनेगरची बाटली उघडलीच नव्हती.

मग त्या आपल्याच बोलण्यात दाजींवर आल्या. ताईंचे यजमान दाजी याच इस्पितळात आहेत, मूत्रपिंडं निकामी झालेल्या लोकांचं रक्त यंत्रानं धुतात त्या विभागात.

“काय देवमाणूस,” मावशी म्हणाल्या. “बायकोला स्ट्रेचरवरून वर नेलं, आणि हा माणूस खाली वाकून यंत्रामागची फरशी पुसत होता. मी म्हटलं, अहो मी पुसते, तुम्ही जा. ऐकेनात. दुसरं कुणी घसरून पडू नये म्हणून हो.”

बाळानं माझी वेणी ओढली. मी सोडवून घेतली नाही. ज्याची बायको भाजून वर नेली आहे, तो माणूस फरशी का पुसेल?

४

परीक्षकांच्या कार्यशाळेत यंत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं. नियंत्रकाची सर्किटची पाटी बाहेर काढून, तारा जोडलेल्याच ठेवून. मी लांबूनच पाहिलं. बाळाला त्या धातूच्या जवळ न्यायला माझा जीव होईना, थंड होतं तरी.

परीक्षक म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी बाळासाठी टेबलाखालून एक उशी काढली. मग सळई दाखवली आणि म्हणाले की हीच त्यांच्या मनात खुपते आहे. शहराच्या पाण्यात इतकी वर्षं बुडालेली सळई अशी आरशासारखी नसते. म्हणजे अपघातानंतर घाईघाईनं नवी घातलेली.

“नवी नाहीये,” मी म्हटलं. “वरच्या टोकाला स्पॅनरच्या जुन्या खुणा आहेत, बघा. सळई जुनीच आहे. बदललं असेल तर ते पाणी.”

ते चष्म्यातून बघत राहिले.

“तुम्ही तपासताना टाकीत कुठलं पाणी भरलंत?”

“नळाचं. दुसरं कुठलं?”

येताना मी गाड्यांच्या दुकानातून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणला होता. तो मी टेबलावर ठेवला. परीक्षकांनी कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टाकी उपसायला घेतली. नीट धुतली, पुन्हा त्याच पाण्यानं विसळली. हाताखालच्याला बोलावलं नाही. मग कॅन ओतला.

पाणी सळईला टेकलेलं आम्हाला दोघांनाही डोळ्यांनी दिसत होतं. सळईचं टोक पाण्यात चांगलं बुडलं होतं. दिवा लागला नाही. झडप खट् करून उघडली ती उघडीच राहिली.

“वीज मिठावर चालते,” परीक्षक पुटपुटले. “म्हणजे पाण्यातल्या क्षारांवर. या पाण्यात क्षारच नाहीत.” मग त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातून मिठाची पुडी काढली आणि चिमूटभर टाकीत सोडली. ढवळलं.

दिवा लागला. झडप बंद झाली.

आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत उभे होतो. मला आनंद व्हायला हवा होता. स्क्रूड्रायव्हर लावला की सर्किट जागं होतं, नळाचं पाणी घातलं की जागं होतं. फक्त त्या पाण्यापुढे ते आंधळं होतं. माझ्या नवऱ्यानं सर्किट तपासलं, परीक्षकांनी सर्किट तपासलं, पाणी कुणीच तपासलं नव्हतं. पाणी काय, पाणीच असतं.

परीक्षकांनी एकच शंका काढली. असं शुद्ध पाणी जोडलं असतं तर पहिल्याच दिवशी घोटाळा व्हायला हवा होता. मी म्हटलं, टाकीत आधीचं पाणी होतं, कडांना थर होता. त्यातले क्षार कॉफीच्या प्रत्येक खेपेबरोबर थोडे थोडे धुपत गेले. आधी कॉफी पांचट झाली, मग भांडी स्वच्छ राहायला लागली, मग ठिबकायला लागलं, आणि मग एक दिवस मीठ संपलं.

“पण इतकं शुद्ध पाणी इस्पितळाच्या कँटीनमध्ये आणणार कोण?” त्यांनी विचारलं.

मी बाळाला उचललं. उत्तर मला कँटीनमध्येच मिळालं होतं, मी ते उघडायचं टाळत होते.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीन रिकामं असताना मी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी सरकवली. भिंतीत फरशीलगत एक गोल ठिपका होता, पुट्टी भरून बुजवलेला, भिंतीच्या रंगाहून जरा पांढरा. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे मावशींना विचारायची गरज नव्हती. बाहेरून फेरी मारली की दारावर पाटी दिसते: जलशुद्धीकरण कक्ष, रक्तशुद्धी विभाग.

दाजी आत एकटेच होते. निळे पिंप, पांढऱ्या नळ्या, सगळं लख्ख. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं, बाळाला जीभ काढून दाखवली. ताई गेल्यापासून दाढी वाढली होती. शाळेतून येताना त्यांच्या मुलीला, आमच्या खारूला, मी घेऊन जाईन का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मग मी भिंतीतल्या भोकाबद्दल विचारलं.

ते घाबरले, पण मी धरून चालले होते तसे नाही. वर्गात चिठ्ठी सापडलेल्या पोरासारखे घाबरले.

“तिनं सांगितलं होतं?” मग स्वतःच मान हलवली. “बाहेर नको जाऊ देऊस. नोकरी जाईल. पाणी इस्पितळाचं आहे. तुझा नवरा दर वेळी तिला टोचायचा, तुझं पाणी आहे का चुना. नखं गेली त्याची खरवडून. ती म्हणाली, त्याचा त्रास वाचेल, यंत्र टिकेल. मी एक बारीक नळी टाकली. तो चाट पडेल, म्हणायची. सांगू नका म्हणायची, बघू या किती दिवसांनी ओळखतो ते.”

“आणि अपघात झाल्यावर तुम्ही ती काढलीत.”

“तेव्हा लगेच. पोलीस येणार, चोरीचं पाणी दिसणार. तिला वर नेलं होतं, आणि मी खाली नळी ओढून जुना नळ जोडत, सांडलेलं पाणी पुसत बसलो होतो.” त्यांचे डोळे भरले. “ते पाप आहे माझं, मला माहीत आहे. पण ते तेवढंच. यंत्र काही मी बिघडवलं नाही. ते तुझ्या नवऱ्यानं नीट केलं असतं, तर आज ती...” पुढचं त्यांनी गिळलं, माझ्याकडे बघून.

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत नाही. इतके दिवस हा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर रडत होता, आणि त्या रडण्याच्या आधारानं उभा होता. माझ्या घरात माझा नवरा तेच ओझं अंगावर घेऊन बुडत होता. एकाच्या अंगावरून ते काढायचं तर दुसऱ्याच्या अंगावर ठेवावं लागणार होतं. मध्ये ठेवायला जागा नव्हती.

बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मी दार लोटून घेतलं.

“दाजी, टाकी भरली हे यंत्राला कसं कळतं, माहीत आहे?”

नाही म्हणाले. मी सळईचं सांगितलं. क्षीण वीज, पाण्यातून टाकीच्या अंगात. मिठाच्या चिमटीपर्यंत मी पोचलेच नाही. भिंतीवर एक लहान पडदा होता, त्यावर एक आकडा. त्या पाण्यातून वीज किती जाते, त्याचा आकडा. दाजींची नजर बोलता बोलता त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“हा आकडा मी रोज बघतो,” ते म्हणाले. “जितका कमी, तितकं पाणी चांगलं.”

पंपांचा आवाज येत होता.

“अगं, हे पाणी माणसाच्या रक्ताला चालतं,” ते म्हणाले, अगदी समजावल्यासारखं, जणू मीच काही चुकीचं बोलत होते. “रक्ताला. कॉफीला चालणार नाही, असं कुणाला वाटेल?”

त्यांनी भिंतीवर टांगलेला कामाचा डगला काढला, घडी घातली, स्टुलावर ठेवला. पोलीस चौकीत सोबत येऊ का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. दारात थांबून एवढंच म्हणाले, की खारूला दूध जरा कोमट लागतं.

६

परीक्षकांनी अहवाल बदलला. माझ्या नवऱ्याचं नाव त्यात फक्त कारागीर म्हणून आलं, दोषी म्हणून नाही. तो कागद मी त्याच्या पुढ्यात ठेवला, एखाद्या आजाऱ्याला औषध द्यावं तसा. त्यानं वाचला.

“पाणी मी बघितलंच नाही,” तो म्हणाला. “सळई इतकी स्वच्छ होती, आणि मी तिची थट्टा केली.”

मी खूप बोलले. कुणालाच सुचलं नसतं म्हटलं, परीक्षकांनासुद्धा सुचलं नव्हतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तू एका दिवसात शोधलंस.” यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी त्याला हाक मारली, इतक्या दिवसांनी, जेवायला बोलावलं. तो गेला, दोन घासही खाल्ले. मी ओट्याशी उभी होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझा मुलगा दिलास परत. नातीचा बाप घेतलास.” आणि लगेच, “तुझा दोष नाही गं,” असंही म्हणाल्या. दोन्ही खरं होतं. त्या भांडी आवरायला लागल्या.

दाजींना सोडतील की नाही, कधी सोडतील, वकिलालाही सांगता येत नाही. इस्पितळानं त्यांना काढून टाकलं. भेटायला गेलं तर ते मुलीचा अभ्यास विचारतात, दुसरं काही बोलत नाहीत.

खारू आता आमच्याकडे असते. शहाण्यासारखी राहते, इतकी शहाण्यासारखी की बघवत नाही. सांगण्याआधी हात धुते, बाळ रडलं की स्वतःचं काम सोडून पाळणा हलवते. काल शाळेतून आली, दप्तर ठेवलं, आणि दाराशी उभी राहिली. वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं होतं, ते काय ते तिनं मला सांगितलं नाही.

“मामी, आईला मामानं मारलं का?”

“नाही,” मी म्हटलं. हे मला ठामपणे म्हणता आलं. यासाठीच तर मी दारोदार फिरले होते.

“मग बाबांनी?”

“नाही गं.”

ती विचार करत होती. कपाळाला बारीक आठी, अगदी गणित सोडवताना पडते तशी.

“मग कुणी?”

आतल्या खोलीत नवऱ्याची हालचाल थांबली. त्यानंही ऐकलं होतं. मी सळईपासून सुरुवात करायला तोंड उघडलं. वीज, क्षार, नळी, सगळं माझ्या जिभेवर ओळीनं तयार होतं.

“आधी खाऊन घे,” मी म्हटलं.

“आईचं विचारलं की बाबापण हेच म्हणायचे,” ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.